दोन वयांची आसडी

ग्यानबा बुधवारी सकाळी सापडला. शिरड शहापूरच्या शिवारात एक जुनी कोरडी विहीर होती, तिच्यातून वास येतो म्हणून एका मेंढक्यानं डोकावून पाहिलं, तर तळाशी ग्यानबा मरून पडलेला. ही बातमी तांड्यावर पोचली तेव्हा भिकाबाई एका गाईच्या खुरातली आसडी काढत बसली होती. जनावराच्या जखमेवर माशी बसते, अंडी घालते आणि मग आत पांढऱ्या अळ्या वळवळू लागतात, तीच आसडी. सीताफळाचा पाला ठेचून रस पिळायचा, घटकाभर थांबायचं आणि वर आलेल्या अळ्या काडीनं उचलायच्या. हे काम ती तीस वर्षं करत होती. कळमनुरीपासून लोक बैल-म्हशी घेऊन तिच्याकडे येत.

बातमी ऐकून तिनं काडी खाली ठेवली.

"कवापासून पडलाय म्हने?" तिनं विचारलं.

"कोनाला ठावं. मागल्या मंगळवारी कोंडवाड्यापाशी दिसला होता, त्याच्या म्होरं कोनी पाह्यला न्हाई."

भिकाबाई उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. गाईचा मालक म्हणाला, बाई, एवढा पाय तरी बांधा. तिनं पाय बांधला, पण गाठ दोनदा चुकली.

रविवारी दुपार ढळताना ती त्याच विहिरीकडच्या वाटेनं गेली होती, पाला आणायला. ग्यानबाच्या बांधापाशी आली तर आवाज आला, "ए बाई, अगं ए बाई." माणूस दिसला नाही. पण आवाज ग्यानबाचाच, त्यात शंका नव्हती. ग्यानबा बायको गेलेला माणूस, मळ्यातल्या खोपीत एकटाच राहायचा, आणि तांड्यावरच्या कुणी बांधावर पाय ठेवला की लांबून ओरडायचा. त्यातून पाच दिवसांपूर्वीच, मंगळवारी, त्यानं तिच्या भाच्याच्या, सेवाच्या म्हशी कांद्यात शिरल्या म्हणून कोंडवाड्यात नेऊन घातल्या होत्या. तिथं वीस माणसांसमोर सेवा त्याला म्हणाला होता, "एक दिस तुला जित्ता गाडतो." ते सगळं भिकाबाईच्या मनात ताजं होतं. ओरड म्हणावं किती ओरडायचं ते, असं मनाशी म्हणून तिनं पावलं उचलली आणि वळून न बघता ती निघून गेली.

आता तिला कळलं की तो आवाज बांधावरून आलाच नव्हता.

ती विहिरीपाशी पोचेपर्यंत तिथं अमीनसाहेब येऊन बसले होते. निजामाच्या मुलखात फौजदाराला अमीन म्हणत. खुर्ची बाभळीच्या सावलीत, रुमाल नाकाला. त्यांचा हिशेब सोपा होता. ग्यानबा शेवटचा दिसला मागच्या मंगळवारी. सेवानं धमकी दिली मंगळवारी. दुसऱ्या दिवशी, बुधवारी पहाटे सेवा कापसाच्या गाड्या घेऊन हिंगोलीच्या जिनात गेला, आणि तिथल्या रांगेत सात दिवस अडकून कालच परतला. तेव्हा खून मंगळवारीच झाला, मढं आठ दिवसांचं आहे. अळ्या केवढ्या झाल्यात ते आंधळ्यालाही दिसेल.

सेवाच्या हातात दोर पडला होता. पंचविशीचा धिप्पाड गडी, पण तो मान खाली घालून उभा होता. त्याचा बाप भीमसिंग शेजारी मातीत बसून होता.

भिकाबाई सरळ अमीनसाहेबांपुढं गेली. "सायेब, ऐतवारी म्या त्याचा आवाज ऐकला. ऐतवारी तो जिता होता."

"तू कोण?"

"सेवाची आत्या."

शिपाई हसले. अमीनसाहेब हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "आवाज ऐकलास, मग बघायला काहून गेली न्हाईस?"

 काय सांगणार होती भिकाबाई? तो माणूस मला आवडत नव्हता म्हणून? अमीनसाहेबांनी ती गप्प बसली हे पाहिलं, आणि बाई खोटं बोलते असं धरून शिपायाला खूण केली. तिला बाजूला केलं.

तेवढ्यात दोर लावून मढं वर काढलं, बाजेवर ठेवलं. माणसं तोंड फिरवून दूर झाली. भिकाबाई मात्र जवळ गेली. तिला वासाची सवय होती, आणि डोळ्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. उजवा पाय गुडघ्याखाली मोडून हाड बाहेर आलं होतं. त्या जखमेत आसडी होती, पोटभर खाऊन शिजल्या भातासारखी फुगलेली, आता निघायला झालेली. मग तिनं तोंडाकडे पाहिलं. ओठांच्या कडेला, डोळ्यांच्या कोपऱ्यात होत्या त्याही अळ्याच, पण तिळाएवढ्या.

ती तशीच वाकून राहिली. पायात भाताची शितं आणि तोंडात तीळ. एकाच मढ्यावर दोन वयांची आसडी कशी असेल?

मेलेल्या जनावरावर माशी आधी कुठं बसते हे तिला पाठ होतं. डोळे, तोंड, नाक. मेलेलं ढोर पाहिलं की पहिल्या दिवशी तिथंच अंडी दिसतात. ग्यानबा आठ दिवसांपूर्वी मेला असता तर तोंडातली आसडी पायातल्याइतकीच मोठी असती. पायातली मोठी आणि तोंडातली लहान याचा अर्थ एकच होता. माशी पायावर बसली तेव्हा ग्यानबाला तोंडावरची माशी हाकलता येत होती.

तिनं दोर धरला आणि कुणी अडवायच्या आत विहिरीत उतरली. भिंतीला जुन्या खाचा होत्या, त्यांत पाय रोवत ती तळाशी पोचली. मढं पडलं होतं तिथली माती तिनं बोटांनी चाळली. पोटभर खाल्लेली आसडी मढं सोडते, मातीत शिरते आणि तिथं तिचे तांबूस दाणे होतात, गव्हासारखे. आठ दिवसांच्या मढ्याखाली असे दाणे ओंजळभर निघायला हवे होते. एकही निघाला नाही. मात्र भिंतीच्या कडेला, सावलीच्या बाजूला, एक खड्डा उकरलेला दिसला, हातभर खोल. तळाला नुसती थंड माती. ओल लागेल म्हणून कुणीतरी नखांनी उकरत गेलं होतं.

भिकाबाईला तिथं फार वेळ उभं राहवलं नाही.

"कोल्ह्यानं उकरलं असंल," वर येऊन तिनं खड्ड्याचं सांगितलं तेव्हा अमीनसाहेब म्हणाले.

"सायेब, कोल्हा वर कसा गेला मग?"

त्यांनी रुमाल पुन्हा नाकाला लावला. मढं गाडीत घालून हिंगोलीच्या दवाखान्यात धाडायचा हुकूम झाला. सेवाला त्याच गाडीमागं चालवत नेलं, आणि त्याच्यामागं भिकाबाई. भीमसिंग म्हणाला, तू कुठं निघालीस, तिथं तुझं कोण ऐकतंय? ती म्हणाली, "हितं बसून तरी कोन ऐकतंय?" आणि चालू लागली.

हिंगोलीत ते गुरुवारी उन्हं वर यायच्या सुमाराला पोचले. दवाखान्याचे डॉक्टर चाँद पाशा वयानं तरुण, हैदराबादेत शिकून आलेले, बोलायला मऊ. मढ्याची तपासणी करून ते हात धुवायला बाहेर आले तर ओसरीवर ही बाई उभी. पायाला धूळ, डोळे तांबारलेले.

"डाक्तरसाब, पायातली आसडी आनि तोंडातली आसडी येगळी हाय. पाह्यली का तुमी?"

चाँद पाशांचे हात पाण्यातच थांबले. "पाहिलं अम्मा. मला वाटलं, जखम मोठी म्हणून तिथल्या अळ्या मोठ्या."

"जखम मोठी असली म्हनून आसडी मोठी होत न्हाई. आसडी दिसानं मोठी होते." मग तिनं सगळं सांगितलं: माशी बसल्यापासून अळी पोट भरून जखम सोडेपर्यंत अशा उन्हात पाच दिवस कसे लागतात, मढं सोडून मातीत कशी शिरते, विहिरीच्या मातीत दाणे का नव्हते. आवाजाबद्दल तिनं सांगितलं नाही. एकदा सांगून झालं होतं.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "आमच्या किताबात याच्यावर दोनच ओळी होत्या. त्याही थंड मुलखातल्या. इथल्या उन्हाचं त्यात काही नाही. मढ्याचं फुगणं पाहून मी शपथेवर दिवस सांगू शकत नाही, या उन्हात दोन दिवसांचं मढं आठ दिवसांचं दिसतं." त्यांनी कागद पुढं ओढला. "तुम्ही म्हणता पाच दिवस. निवाडा देणारे मुन्सिफसाहेब विचारतील, बाईला कसं कळलं?"

"मग करून पाहा. मांस ठेवा उघडं."

अशा तीन बरण्या मांडल्या गेल्या, काचेच्या, तळाला माती, तोंडाला मलमल. पहिलीत मांसाच्या तुकड्यावर पायातल्या अळ्या. दुसरीत तोंडातल्या. तिसरीत शेळीचं ताजं मांस, दुपारी तासभर खिडकीत उघडं ठेवलेलं. हिरव्यानिळ्या माश्या त्यावर येऊन बसल्या, आणि झाकण लावताना मांसाच्या कडेला रव्यासारखी पांढरी रास दिसली. डॉक्टरांनी प्रत्येक बरणीवर तारीख आणि वेळ लिहिली.

पहिल्या बरणीनं वाट पाहायला लावलीच नाही. त्याच संध्याकाळी पायातली आसडी मांस सोडून काचेभोवती फिरू लागली, जागा शोधल्यासारखी, आणि शुक्रवारी सकाळपर्यंत सगळी मातीत गेली. दुसऱ्या बरणीतली मात्र खातच राहिली.

भिकाबाईला आता दोन ठिकाणं होती. दवाखान्याची ओसरी आणि सेवाला कोंडलं होतं त्या हवालातीचं दार. एकीकडे बसली की दुसरीकडे काय चाललं असेल या विचारानं ती उठायची. दिवसातून सात-आठ वेळा ती तो रस्ता चालत होती. ओसरीवर आली की मलमलीतून डोकावायची, कंपाउंडर कंटाळून म्हणायचा, अहो आत्ताच पाहून गेलात. हवालातीशी गेली की शिपाई उभं राहू द्यायचा नाही. शनिवारी मात्र दुसरा शिपाई होता, त्यानं भाकरी द्यायला सोडलं. सेवाचा एक डोळा सुजून बंद झाला होता.

"आत्या, म्या कबूल करतो," तो गजातून म्हणाला. "केलं म्हनतो. मग मारनार तरी न्हाईत."

"मंगळवारपस्तोर थांब."

"मंगळवारी काय हाय?"

आता त्याला कसं सांगायचं की बरणीतली अळी मांस सोडणार आहे? ती म्हणाली, "डाक्तर कागद लिहिनार हायेत. तवापस्तोर तोंड उघडू नको. तुला काय इचारलं तरी एकच सांग, म्या जिनात होतो."

"तू ऐतवारी त्याचा आवाज खरंच ऐकला का गं?"

"व्हय."

"मग तू..." सेवा बोलता बोलता थांबला. त्यानं भाकरी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून खाऊ लागला. ते बोलणं त्यानं पुरं केलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला परत येताना वाटलं.

रविवारी दुपारी दुसऱ्या बरणीतली आसडी फुगून मांस सोडू लागली. आता तिसरी उरली. तिच्यातली रवाळ रास शुक्रवारीच वळवळू लागली होती, आणि भिकाबाईला आयुष्यात पहिल्यांदा आसडी मोठी व्हावी अशी घाई झाली होती. सोमवारी ती दिवसभर ओसरीच्या खांबाला टेकून होती. सोमवारी अमीनसाहेबही आले. कागद का अडला, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. आतलं बोलणं बाहेर ऐकू येत होतं.

"किड्यांच्या भरवशावर तुम्ही खुनी सोडणार?"

"मी कुणाला सोडत नाही अमीनसाहेब. मरणाचा दिवस लिहितो. उद्यापर्यंत थांबा."

"आणि उद्या किड्यांनी उलटं सांगितलं तर?"

"तर उलटं लिहीन."

 तीस वर्षं भिकाबाईनं आसडी पाहिली होती, पण दिवस मोजून, तास लिहून कधी पाहिली नव्हती. तिचे पाच दिवस आठ-नऊ निघाले तर? मढ्यातली गरमी आणि बरणीतली गरमी सारखी असते का? ती उठली आणि दवाखान्याभोवती फेऱ्या घालू लागली. कंपाउंडरनं पाणी दिलं ते तिनं हातात धरून ठेवलं आणि तसंच खाली ठेवलं.

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. तिसऱ्या बरणीत मांसाचा तुकडा जवळजवळ मोकळा होता, आणि जाड पांढऱ्या अळ्या काचेच्या कडेनं फिरत होत्या.

"पाच दिवस," डॉक्टर म्हणाले. "अर्धा दिवस इकडे तिकडे." त्यांनी बोटांवर मोजलं. "पायातली आसडी निघाली गुरुवारी. पाच मागे जा, शनिवार. म्हणजे शुक्रवारी किंवा शनिवारी तो विहिरीत पडला आणि पाय मोडला. तोंडातली निघाली रविवारी. पाच मागे जा."

"मंगळवार," भिकाबाई म्हणाली.

"हां, म्हणजे गेल्या आठवड्यातला मंगळवार, सापडायच्या आदल्या दिवशीचा. माशी अंधारात अंडी घालत नाही. तेव्हा तो मेला सोमवारी, दिवस मावळल्यावर कधीतरी. सेवा तेव्हा हिंगोलीत होता, शुक्रवारी-शनिवारीही इथंच होता. जिनाचा मुनीम गवाही देईल. आणि नखांत माती होती, तीही मी लिहिली आहे." ते तिच्याकडे पाहून हसले, मग त्यांचं हसू ओसरलं. "काय झालं अम्मा? तुमचा पोरगा सुटला."

"सोमवारपस्तोर जिता होता," ती म्हणाली.

"हां."

"ऐतवारी कोनी काढला असता तर वाचला असता का?"

 पाय तोडावा लागला असता, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यापुढं त्यांना सांगता येत नव्हतं, आणि त्यांनी सांगितलंही नाही.

पुढच्या आठवड्यात मुन्सिफसाहेबांनी बरण्या कचेरीत मागवल्या. पहिल्या बरणीतल्या दाण्यांतून तोवर माश्या निघून मलमलीखाली भणभणत होत्या. मुन्सिफसाहेबांनी नाकाला रुमाल लावून पाहिलं, कागद दोनदा वाचला, मुनिमाची गवाही घेतली. भिकाबाईला विचारलं, "बाई, आणखी काही सांगायचं आहे?" समोर अमीनसाहेब बसले होते. आता आवाजाची कुणाला गरज उरली नव्हती. ती म्हणाली, "न्हाई." सेवाचा दोर सोडला गेला. बाहेर येऊन तो बापाच्या गळ्यात पडून रडला. तांड्यावर त्या दिवशी गूळ वाटला.

भिकाबाईनं गूळ हातात घेतला आणि पोरांना देऊन टाकला. तिला खाववत नव्हतं, बसवत नव्हतं. लोक जनावरं आणत, ती जखमा धुई, आणि प्रत्येक अळी दिसली की बोटं आपोआप दिवस मोजू लागत. शनिवार, ऐतवार, सोमवार. सेवानं तिला काही विचारलं नाही, पण तो तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

ग्यानबाची एकुलती एक मुलगी सुमनबाई पुसेगावला दिली होती. बापाच्या तेराव्याला ती आली आणि खोपीची आवराआवर करायला मागं राहिली. तिसऱ्या दिवशी भिकाबाई तिच्या दारात जाऊन उभी राहिली. सुमनबाई मडकी बाहेर काढत होती. तिशीची असेल, बापासारखीच रुंद कपाळाची.

"तुमीच ना त्या," ती म्हणाली. "आसडी वळखनाऱ्या. बसा की."

"बसत न्हाई. तुला सांगायला आले, बाई. ऐतवारी दुपारी म्या तुझ्या बापाचा आवाज ऐकला. 'ए बाई' म्हनून मला हाका मारल्या. मला वाटलं, बांधावरून शिव्या देतोय. मी निघून गेले."

सुमनबाईनं हातातलं मडकं हळूच जमिनीवर ठेवलं. 

"किती बार?"

"दोनदा. मंग मी लांब गेले, म्होरं ऐकू आलं न्हाई."

"ऐतवारी दुपारी मी शेवया करून राहिले होते," सुमनबाई म्हणाली. "सहा म्हैने झाले, बापाकडं आले नव्हते. आमचं बोलनं न्हवतं." मग एकदम तिनं पदर खोचला. "चला. कुठं होत्या तुमी, ते दाखवा."

दोघी विहिरीवर गेल्या. भिकाबाई वाटेवर जाऊन उभी राहिली, रविवारी होती तिथंच. सुमनबाई खाचांत पाय देत अर्ध्या विहिरीत उतरली. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही, नुसतं ऊन. मग आवाज आला, बाईचा, पण भिंतींवर आपटून जाड झालेला, आणि कुठल्या दिशेनं ते कळेना. बांधावर कुणी कंबरेवर हात ठेवून उभं असावं, असंच वाटत होतं.

सुमनबाई वर आली तेव्हा तिचे हात खरचटले होते. "ऐकलं?"

"ऐकलं."

"कसं वाटलं?"

भिकाबाईला खोटं बोलणं सोपं होतं, दोन्ही बाजूंनी. "शिव्या दिल्यावानी वाटलं," ती म्हणाली. "पन मी थांबाया पाह्यजे होतं."

"व्हय," सुमनबाई म्हणाली. "थांबाया पाह्यजे होतं." तिच्या आवाजात राग होता, आणि तो तिनं लपवला नाही. ती विहिरीच्या काठावर बसली आणि खूप रडली. भिकाबाई जवळही गेली नाही आणि निघूनही गेली नाही.

उन्हं कलल्यावर सुमनबाईनं डोळे पुसले, खोपीतून कुऱ्हाड आणली आणि बाभळीच्या फांद्या तोडायला लागली. भिकाबाई त्या ओढून विहिरीच्या तोंडाभोवती कुंपणासारख्या रचू लागली. काटे हातात घुसत होते.  एक बाजू पुरी व्हायला आली तेव्हा सुमनबाई म्हणाली, "तिकडून खालचा थर मोकळा राह्यलाय." भिकाबाईनं वाकून पाहिलं, आणि आणखी एक फांदी ओढली.